युनियनवर सही केली, पण मनापासून का? कॅथलिक-ऑर्थोडॉक्स एकीच्या इतिहासात राजकारण आणि श्रद्धा वेगळी कशी काढायची

२९ जून १२७४, आजच्या फ्रान्समधलं लियों शहर. पीटर आणि पॉलचा सण, पोप दहावा ग्रेगरी स्वतः मिस्सा करतोय, आणि जेमतेम पाच दिवसांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलहून येऊन पोचलेली ग्रीक मंडळी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, गातायत. पवित्र आत्मा 'पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो' ही ओळ आली की ती एकदा नाही, तीनदा गायली जाते. यातला 'आणि पुत्रापासून' एवढाच तुकडा, लॅटिनमधे फिलिओक्वे, म्हणजे पूर्व आणि पश्चिम चर्चमधल्या कित्येक शतकांच्या भांडणाचं मूळ, आणि इथे ग्रीक लोक तो तीन तीनदा म्हणतायत. निमित्त आहे युनियनचं, म्हणजे रोमचं कॅथलिक आणि पूर्वेचं ऑर्थोडॉक्स चर्च पुन्हा एक करायच्या कराराचं, आणि त्यासाठी भरलेल्या लियोंच्या परिषदेचं. आता हे बघून तुम्ही काय म्हणाल, पटलं म्हणून म्हणतायत की म्हणावं लागतंय म्हणून?

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका सेकंदात निकाल दिला होता, सगळं राजकारण. कॉन्स्टँटिनोपलचा ग्रीक सम्राट अडकलाय, अडला हरी गाढवाचे पाय धरी, विषय संपला. वहीत तसं लाल पेनाने लिहूनही ठेवलं होतं. पुढे याच प्रकरणातला एक माणूस असा भेटला की ते लाल वाक्य खोडावं लागलं, आणि मग हळूहळू हा इतिहास वाचायची जी पद्धत बसत गेली ती इथे लिहितोय. तुम्ही या विषयावर काही वाचत असाल, लिहीत असाल किंवा कोणाशी वाद घालत असाल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे बोलणी, परिषदा, सह्या यांच्या तारखा, उजवीकडे त्याच काळात कोणाच्या दारात कोणतं सैन्य उभं होतं त्याच्या तारखा. एवढं केलं तरी अर्धं चित्र दिसायला लागतं. लियोंसाठी करून बघा. १२०४ ला चौथ्या क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे पश्चिमेकडच्या धर्मयोद्ध्यांनी, कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि तिथे स्वतःचं लॅटिन (म्हणजे पश्चिमेकडचं, रोमला मानणारं) राज्य बसवलं. १२६१ ला ग्रीक सम्राट आठव्या मायकल पॅलिओलोगसने शहर परत मिळवलं. १२६७ ला सिसिलीचा राजा शार्ल ऑफ आंजूने व्हितेर्बोचा करार करून ते लॅटिन राज्य पुन्हा उभं करायची तयारी चालू केली, आणि शार्लला आवरू शकेल असा माणूस युरोपात एकच, पोप. मग १२७४ ला युनियन. पुढे १२८१ ला शार्लच्या बाजूचा फ्रेंच पोप चौथा मार्टिन आला, त्याने मायकललाच बहिष्कृत केलं. मार्च १२८२ ला सिसिलीत शार्लविरुद्ध बंड पेटलं आणि त्याची स्वारी बारगळली. त्याच डिसेंबरात मायकल वारला, मुलगा अँड्रोनिकस गादीवर आला आणि युनियन गुंडाळली गेली. संकट आलं तेव्हा एकी, संकट टळलं की एकी गायब, गरज सरो वैद्य मरो. गंमत म्हणजे मायकलला ना इकडचं राहता आलं ना तिकडचं, रोमने बहिष्कृत केलेलं आणि स्वतःच्या चर्चने अंत्यविधीही नाकारला.

पण इथेच थांबू नका, मी थांबलो होतो तीच चूक. तारखा जुळल्या म्हणजे फक्त एवढंच कळतं की विषय त्या वेळेला का निघाला. त्यात सामील झालेल्या प्रत्येकाच्या मनात काय होतं हे तारखा सांगत नाहीत.

म्हणून दुसरं काम, परिषदेबद्दल मत देणं बंद करा आणि माणसांची यादी करा. 'लियों राजकीय होती' या वाक्याला तसा काही अर्थच नाही. मायकल वेगळा, पोप ग्रेगरी वेगळा (त्याला जेरुसलेमकडे क्रुसेड न्यायचं होतं, त्यासाठी ग्रीक बाजू शांत हवी होती, आणि एकी हे देवाचं काम आहे असंही तो मानत होता, दोन्ही एकाच डोक्यात), आणि या सगळ्यांत वेगळा तो माणूस ज्याच्यामुळे माझं लाल वाक्य खोडलं गेलं, जॉन बेक्कस.

बेक्कस कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधला मोठा अधिकारी, आणि सुरवातीला युनियनच्या विरोधात. लॅटिन लोकांना कोणी उघड पाखंडी म्हणत नसलं तरी ते आहेत पाखंडीच, असं तो सम्राटासमोर बोलला आणि थेट तुरुंगात गेला. तुरुंगात त्याला पुस्तकं मिळाली. जुन्या ग्रीक धर्मपित्यांचं लिखाण तो वाचत बसला आणि वाचता वाचता त्याला वाटायला लागलं की आत्मा 'पुत्राद्वारे' निघतो असं आपलेच लोक म्हणतात, मग लॅटिन 'पुत्रापासून' म्हणतात त्यात एवढं काय आभाळ कोसळतंय. बाहेर आला, युनियनच्या बाजूने झाला, १२७५ ला पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख, झाला. इथपर्यंत कोणीही म्हणेल की बघा, विकला गेला. पण मायकल मेल्यावर काय झालं ते बघा. पद गेलं, खटले चालले, १२८५ ला ब्लाखर्नेच्या धर्मसभेत त्याचं मत चुकीचं ठरवलं गेलं, त्याला किल्ल्यात डांबलं. माफी मागून मत बदललं असतं तर सुटका शक्य होती, आणि युनियनला आता कोणी वाली उरला नव्हता, फायदा शून्य. तरी तो तेच म्हणत राहिला, तेच लिहीत राहिला आणि १२९७ ला तिथेच कैदेत मेला. हा माणूस राजकारणासाठी बोलत होता असं मला तरी म्हणता येत नाही.

यातून जी चाचणी निघते ती या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. फायदा संपला त्या दिवसानंतर माणूस काय करतो ते बघा. त्याआधीचं सगळं बोलणं, मिठ्या, अश्रू, सह्या बाजूला ठेवा. आणि ही चाचणी दोन्ही बाजूंना सारखीच लावायची, म्हणजे युनियनवाला तेवढा संधीसाधू आणि विरोधक मात्र आपोआप श्रद्धाळू, असं धरून चालायचं नाही, कारण विरोध करण्यातही फायदे असतात. त्यावर पुढे येतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. राजकारण आणि श्रद्धा हे दोन वेगळे डबे आपण करतो, त्या लोकांच्या डोक्यात ते तसे नव्हते. मायकलने आपल्या पाद्र्यांना पटवताना सांगितलं की मागण्या तीनच आहेत, पोपला पहिला मान, पोपकडे अपील करायचा हक्क, आणि प्रार्थनेत पोपचं नाव, त्यात बिघडतं काय, कोण एवढा समुद्र ओलांडून अपील ऐकायला येणार आहे. ऐकायला शुद्ध सौदेबाजी वाटते. पण यासाठी त्याने जो आधार घेतला तो चर्चचाच होता, ऑइकोनोमिया, म्हणजे मोठं नुकसान टाळण्यासाठी नियम थोडा सैल करायची जुनी आणि मान्य मुभा. ख्रिस्ती शहर वाचवणं हे त्यांच्या दृष्टीने धर्मकार्यच होतं. तेव्हा 'सैन्यासाठी केलं' असं दिसलं की लगेच 'म्हणजे श्रद्धा नव्हती' असं लिहू नका. प्रश्न असा विचारा की नियम कुठपर्यंत सैल करायचा याची त्याची रेघ कुठे होती. पोपचं नाव घेणं एका भिक्षूला चालायचं पण मतांगीकारात शब्द घालणं चालायचं नाही, तर त्या रेघेपाशी त्याची श्रद्धा सापडते.

आता युनियनचा पुढचा मोठा प्रयत्न, फ्लॉरेन्सची परिषद, कारण सगळा मालमसाला इथे आहे. नोव्हेंबर १४३७ ला सम्राट आठवा जॉन, म्हातारा पॅट्रिआर्क दुसरा जोसेफ आणि जवळपास ७०० माणसं जहाजात बसून निघाली. ऑटोमन साम्राज्याने शहराला चहूबाजूंनी वेढलेलं, मदत फक्त पश्चिमेकडून येऊ शकते, हे सगळ्यांना माहीत. जॉनच्या बापाने, म्हणजे दुसऱ्या मॅन्युएलने, मुलाला दिलेला सल्ला इतिहासकार स्फ्रान्त्झेसने नोंदवलाय, त्याचा मतितार्थ असा की युनियनची बोलणी चालू ठेव कारण तुर्क तेवढ्यालाच घाबरतात, पण ती प्रत्यक्षात आणायला जाऊ नकोस, आपल्या लोकांना झेपणार नाही. इतका प्रामाणिक राजकारणी सल्ला मी दुसरा वाचला नाही. आणि पोपची बाजूही काही निरिच्छ नव्हती बरं का. बासेलमधे बसलेली धर्मपरिषद पोप चौथ्या युजीनलाच आव्हान देत होती, ग्रीकांना आणायला दोघांनी आपापली जहाजं पाठवली होती. ग्रीक ज्याच्या जहाजात बसतील त्याचं वजन वाढणार, असा सरळ मामला. ग्रीक पोपच्या जहाजात बसले.

इथे खर्चाची वही उघडा. कोण कोणाला पोसतंय हे प्रत्येक परिषदेसाठी शोधाच. परिषद आधी इटलीतल्या फेरारात भरली, तिथे ग्रीकांचा खर्च पोपकडे होता, सम्राटाला महिन्याला ३० फ्लोरिन (सोन्याची नाणी), पॅट्रिआर्कला २५, साध्या माणसांना ३-४. आणि हा भत्ता महिनोन्महिने थकायचा. मग प्लेग आला, पोपकडचे पैसे आटले, आणि १४३९ च्या सुरवातीला सगळा कारभार फ्लॉरेन्सला हलला कारण तिथे पैसे पुरवायला सावकार कोसिमो दे मेदिची होता. सिल्वेस्टर सिरोपूलोस नावाचा चर्चचा अधिकारी यात होता, त्याने नंतर आठवणी लिहिल्या, त्यात भत्ता कधी आला आणि कधी अडवला याचा हिशोब जागोजागी आहे. वाचताना वाटतं की बिचारे उपाशी ठेवून सह्या घेतल्या, आधी पोटोबा मग विठोबा.

पण थांबा, चौथं काम इथेच येतं. सांगणारा कोण आहे ते तपासा. सिरोपूलोसने स्वतः त्या कागदावर सही केली होती आणि नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. म्हणजे 'आमच्यावर दबाव होता' हे सांगण्यात त्याचा स्वतःचा मोठा स्वार्थ आहे. तो खोटं बोलतोय असं नाही, भत्ता थकत होता हे खरंच आहे, पण भत्ता थकला म्हणून सही झाली ही त्याची मांडणी आहे, आणि ती त्याला सोयीची आहे. असंच दुसरं उदाहरण म्हणजे ते प्रसिद्ध वाक्य, शहरात लॅटिन टोपीपेक्षा तुर्की पगडी दिसलेली बरी, जे शेवटच्या सम्राटाचा मोठा मंत्री लुकास नोटारास याच्या नावावर सगळीकडे छापलं जातं. ते आपल्यापर्यंत आणणारा इतिहासकार डुकास हा युनियनचा कट्टर समर्थक, नोटारासबद्दल त्याला प्रेम असायचं कारण नाही. आणि नोटारासचे व्हेनिस आणि जेनोवाशी जवळचे संबंध होते, मुलगी इटलीत सुरक्षित पाठवलेली होती. शहर पडल्यावर सुलतानानेच त्याला मारलं. या माणसाला पगडी हवी होती हे एका वाक्यावरून ठरवू नका.

बरं, फ्लॉरेन्समधे श्रद्धा होती का कुठे? होती, आणि एका पुस्तकाच्या पानावर होती. मार्च १४३९ च्या बैठकांत लॅटिन बाजूचा जॉन ऑफ मॉन्टेनेरो आणि ग्रीकांचा एफेससचा बिशप मार्क हे संत बेसिलच्या एका उताऱ्यावरून दिवसचे दिवस भांडले. युनोमियसविरुद्ध बेसिलने जे लिहिलं त्याच्या तिसऱ्या भागात आत्मा पुत्रापासून आहे असं म्हणणारी वाक्यं लॅटिनांकडच्या हस्तलिखितात होती, मार्क म्हणाला नंतर कोणीतरी घुसडलीत. शहर बुडायला आलंय, सम्राटाला सैन्याची घाई झालीय आणि ही माणसं हस्तलिखिताची पानं पडताळत बसलीत. निव्वळ सौदा असता तर एवढा वेळ कोण घालवतं? ग्रीकांमधलाच निकेयाचा बिशप बेसारियन लॅटिन बाजूला वळला आणि परत गेल्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या मठांतली हस्तलिखितं तपासत फिरला, एकात त्याला तीच जागा खरवडलेली दिसली, ते त्याने पत्रात लिहून ठेवलं. आणि गंमत बघा, आजचे अभ्यासक साधारणपणे ती वाक्यं बेसिलची नाहीत असंच मानतात, म्हणजे त्या उताऱ्यापुरता मार्कचा मुद्दा बरोबर होता. पण त्यामुळे बेसारियन ढोंगी ठरत नाही. माणूस प्रामाणिक असणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत, वहीत त्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

बेसारियनच्या बाबतीत आपली फायद्याची चाचणी मात्र चालत नाही हे कबूल करतो. तो डिसेंबर १४३९ लाच कार्डिनल झाला, शेवटपर्यंत कार्डिनल राहिला, फायदा कधी संपलाच नाही. अशा वेळी इतर पुरावा बघायचा. त्याने आयुष्यभर ग्रीक हस्तलिखितं जमवली, १४६८ ला व्हेनिसला देऊन टाकली, मरेपर्यंत क्रुसेडसाठी वणवण केली. मला वाटतं खरा होता, पण ते 'वाटतं' आहे, बेक्कसबद्दल म्हणतो तेवढ्या खात्रीने नाही म्हणणार.

६ जुलै १४३९ ला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमधे, ब्रुनेलेस्कीच्या नव्या कोऱ्या घुमटाखाली, युनियनचं फर्मान लॅटिनमधे कार्डिनल चेझारिनीने आणि ग्रीकमधे बेसारियनने वाचलं. पॅट्रिआर्क जोसेफ महिनाभर आधी तिथेच वारला होता, सांता मारिया नोव्हेला चर्चमधे पुरलाय. मार्कने सही केली नाही. आता पाचवी तपासणी, सही झाल्यावर घरी काय झालं. सम्राट जॉनने १४४८ ला मरेपर्यंत ही युनियन आपल्या शहरात उघडपणे जाहीरच केली नाही. क्रुसेड निघालं पण १४४४ ला वार्नाला त्याचा धुव्वा उडाला. कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चमधे, हाया सोफियात, युनियन जाहीर झाली १२ डिसेंबर १४५२ ला, शहर पडायच्या साडेपाच महिने आधी. म्हणजे वरची सही आणि घरी नुसतं जाहीर होणं यात तेरा वर्षं, आणि तेही तोफा दारात आल्यावर. वरच्यांनी सही केली म्हणजे चर्चने मान्य केलं असं रोम धरून चालायचं, पूर्वेकडे मात्र भिक्षू आणि सामान्य भाविकांनी स्वीकारल्याशिवाय परिषद पक्की होत नाही. हा फरक न कळल्यामुळे बरेच लोक ग्रीकांना शब्दाला न जागणारे म्हणतात, ते बरोबर नाही.

विरोधकांना चाचणी लावायची म्हटलं होतं ना. मॉस्को घ्या. १४४१ ला रशियन चर्चचा ग्रीक प्रमुख (मेट्रोपॉलिटन), कीवचा इसिडोर, फ्लॉरेन्सहून परत येऊन मॉस्कोत पोपचं नाव घेतो, राजा दुसरा वसिली त्याला अटक करतो. श्रद्धेचं रक्षण? असेलही. पण १४४८ ला रशियन बिशपांनी कॉन्स्टँटिनोपलला न विचारता स्वतःचा मेट्रोपॉलिटन निवडला, म्हणजे हाताला स्वतंत्र चर्चही लागलं. उलट जॉर्ज स्कोलारिओस, जो फ्लॉरेन्समधे युनियनच्या बाजूने होता, नंतर विरोधकांचा पुढारी झाला आणि १४५४ ला सुलतान मेहमदने त्याला पॅट्रिआर्क केलं. लोक म्हणतात बघा, पदासाठी पलटला. तारखा लावा, तो पलटला तेव्हा शहर पडायला बरीच वर्षं होती, मेहमदकडून पद मिळेल हे स्वप्नातही नसणार.

ब्रेस्टच्या युनियनसाठी (१५९५-९६) वेगळं हत्यार लागतं, मागण्यांची यादी. पोलंड-लिथुआनियातल्या ऑर्थोडॉक्स बिशपांनी रोमपुढे ३३ कलमं ठेवली, ती सरळ पेन्सिलने दोन गटांत वाटा. आत्म्याबद्दल 'पुत्राद्वारे' अशीच भाषा राहू दे, आमची उपासना तशीच राहू दे, लग्न झालेले पाद्री राहू देत, जुनं कॅलेंडर राहू दे, हा एक गट. बिशपांना सेनेटमधे जागा द्या, हा दुसरा. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सह्यांखाली. सेनेटची जागा बघून हसू येतं खरं, पण कॅथलिक राज्यात आपल्या लोकांना दुय्यम समजलं जातंय ही जखम खरी होती. आणि विरोधाचा सेनापती, तिथला बडा ऑर्थोडॉक्स सरदार प्रिन्स ऑस्ट्रोग्स्की? १५९३ ला त्यानेच पत्र लिहून युनियन सुचवली होती, फक्त मॉस्को वगैरे सगळ्यांना धरून. नंतर त्याला बाजूला ठेवून ठरलं आणि तो बिथरला. तत्त्व किती आणि मानापमान किती, तुम्हीच ठरवा.

शेवटची तपासणी पिढ्यांची. जन्म राजकारणात झाला म्हणून पुढची साडेतीनशे वर्षं खोटी ठरत नाहीत. मार्च १९४६ ला ल्विव्हमधे सोव्हिएत यंत्रणेने एक 'धर्मसभा' भरवून ब्रेस्टमधून आलेलं युक्रेनियन ग्रीक कॅथलिक चर्च (उपासना पूर्वेकडची, पण पोपला मानणारं) मॉस्कोच्या चर्चमधे विलीन झाल्याचं जाहीर करून टाकलं, बिशप आधीच तुरुंगात होते. म्हणजे 'एकी' उलट्या दिशेनेही राजकारणातूनच होते, यात फक्त रोमलाच दोष द्यायची सवय सोडा. त्यांचा प्रमुख योसिफ स्लिपी १८ वर्षं कैद आणि छावण्यांत राहिला, १९६३ ला सुटला, पण रोमशी नातं तोडलं नाही. १५९५ ला सेनेटची जागा मागणाऱ्यांचे हे वारस.

आता सरावाला एक माणूस देतो, वरचाच इसिडोर. फ्लॉरेन्समधे सही, मग लगेच कार्डिनलची टोपी. मॉस्कोत कैद, तिथून पळ. इटलीत आरामात राहता आलं असतं, पण १४५२ ला साधारण २०० सैनिक घेऊन पुन्हा त्या बुडत्या शहरात आला, युनियन जाहीर केली आणि वेढ्यात तटावर उभा राहिला. जखमी झाला, एका मेलेल्या माणसाशी कपडे बदलून ओळख लपवली असं सांगतात, पकडला गेला, सुटला आणि १४६३ ला रोममधे वारला. त्याच्या नावासमोर दोन रकाने आखा आणि भरा. माझ्या वहीत ते अजून पेन्सिलनेच भरलेले आहेत.